सिग्नलचा दिवा आणि ड्रायव्हरचा डोळा

अंधाऱ्या रात्रीं धांवत्या आगगाडीच्या डब्यांत निजलेला उतारू आपला जीव कोणाच्या हवालीं करून निजला आहे, याचा विचार सहसा करीत नाहीं. रूळ, चाकें, इंजिन, ब्रेक यांविषयीं त्याला थोडीबहुत कल्पना असते. परंतु इंजिनावरील मनुष्यानें दूर अंधारांत लुकलुकणारा एक ठिपका पाहावा, तो तांबडा आहे कीं हिरवा हें ओळखावें, आणि त्या एका क्षणाच्या निवाड्यावर सारी गाडी थांबावी किंवा पुढें जावी, ही गोष्ट त्याच्या ध्यानींमनींहि नसते. या निवाड्याला नुसती तीक्ष्ण दृष्टि पुरत नाहीं. कोसावरचें झाड स्पष्ट दिसणाऱ्या मनुष्यालाहि तांबडें आणि हिरवें यांतला भेद कळत नाहीं, असें होऊं शकतें. आणि विशेष हें कीं, ही उणीव पुष्कळदां त्याच्या स्वतःच्याहि लक्षांत आलेली नसते.

या उणिवेस रंगांधता म्हणतात. शास्त्राच्या दप्तरांत तिची नोंद तशी उशिरांच झाली. १७७७ सालीं जोसेफ हडर्ट नांवाच्या इंग्रज दर्यावर्द्यानें कंबरलंड परगण्यांतील हॅरिस नांवाच्या एका चांभाराची हकीकत लिहून पाठविली, ती लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथांत छापली गेली. हा हॅरिस चार वर्षांचा असतां त्याला रस्त्यांत लहान मुलाचा एक पायमोजा सांपडला. तो परत देण्यासाठीं जवळच्या घरीं गेला, तेव्हां घरचीं माणसें त्याला ‘तांबडा मोजा’ म्हणूं लागलीं. मोजा म्हटल्यानें काम भागत असतां तांबडा कशाला म्हणावयाचें, हेंच त्या पोराला कळेना. झाडावरचीं चेरीचीं फळें इतर मुलें दुरून हेरीत. त्याला मात्र तीं पानांपासून आकारावरूनच वेगळीं काढावीं लागत.

पुढें १७९४ त अणुसिद्धांताचा प्रसिद्ध प्रवर्तक जॉन डाल्टन यानें मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढें स्वतःच्याच डोळ्यांवर निबंध वाचला. जिरेनियमचें गुलाबी फूल त्याला दिवसा आकाशासारखें निळें दिसे, आणि मेणबत्तीच्या उजेडांत तेंच फूल तांबडें भासे. हा चमत्कार इतरांना दिसेना. त्याच्या सख्ख्या भावाला मात्र दिसला. डोळ्यांतील रस निळसर असल्यामुळें असें होत असावें, असें डाल्टनचें अनुमान होतें, आणि मरणोत्तर आपले डोळे तपासून पाहावेत असें त्यानें सांगून ठेविलें होतें. १८४४ त तो वारल्यावर डॉक्टरांनीं डोळे तपासले, तों रस पाण्यासारखा स्वच्छ निघाला. डोळ्यांचे अवशेष मात्र जपून ठेविले गेले, आणि दीडशें वर्षांनंतर, १९९५ त, त्यांतील जनुकद्रव्य तपासून डाल्टनच्या डोळ्यांत हिरव्या प्रकाशास विशेष संवेदनशील असणारें रंगद्रव्यच नव्हतें, असा निर्णय शास्त्रज्ञांनीं दिला. अनुमान चुकलें, पण तें पारखण्यासाठीं स्वतःचे डोळे देऊं करणारा मनुष्य विरळाच.

चांभार किंवा रसायनशास्त्रज्ञ रंगांध असला तर जगाचें कांहीं अडत नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकांत आगगाडी आली, आणि मनुष्याच्या इतिहासांत प्रथमच शेंकडों लोकांचें जीवित रंगाच्या खुणेवर टांगलें गेलें. दिवसा सिग्नलचा हात उंच आहे कीं पडला आहे हें पाहून काम भागे; आपल्याकडे ‘सिग्नल पडला’ हा शब्दप्रयोग त्यावरूनच रूढ झाला. पण रात्रीं हात दिसत नाहीं, दिवाच काय तो दिसतो. आरंभींच्या पद्धतींत तांबडा दिवा धोक्याचा, हिरवा सावधगिरीचा आणि पांढरा मार्ग मोकळा असल्याचा मानीत. या पांढऱ्या दिव्यांत मोठीच खोट होती. तांबडी कांच फुटली कीं आंतील ज्योत पांढरी दिसे, म्हणजे धोक्याची खूण आपोआप अभयाची होई. शिवाय गांवांतील घरांचे आणि रस्त्यांचे दिवेहि पांढरेच. त्यामुळें शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्लंडांत पांढऱ्याची उचलबांगडी होऊन हिरवा हाच मोकळ्या मार्गाचा दिवा ठरला. सुधारणा योग्यच होती. पण तिच्यामुळें रंगांध मनुष्याला जे दोन रंग वेगळे ओळखतां येत नाहींत, नेमके तेच दोन रंग जीवन आणि मरण यांच्या खुणा म्हणून समोरासमोर उभे राहिले.

या संकटाची जाणीव प्रथम ज्याला तीव्रतेनें झाली, तो एडिंबरोचा रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज विल्सन. त्यानें शिपाई, विद्यार्थी, पोलीस अशा ११५४ लोकांच्या वर्णदृष्टीची परीक्षा घेतली, तेव्हां सुमारें अठरांत एक मनुष्य कमीअधिक रंगांध आढळला. १८५५ त प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथास त्यानें आगगाड्यांच्या व जहाजांच्या रंगीत इशाऱ्यांच्या धोक्याविषयीं स्वतंत्र पुरवणी जोडली. मोठ्या व्यवस्थापनांना सहसा ग्रंथांनीं जाग येत नाहीं; पुढें वीस वर्षें फारसें कांहीं घडलें नाहीं.

जाग आली ती स्वीडनमधील एका अपघातानें. १४ नोव्हेंबर १८७५ ची रात्र. उत्तरेकडे जाणारी आणि दक्षिणेकडे जाणारी अशा दोन जलद गाड्यांची गांठ नेहमीं लिंकोपिंग स्थानकांत पडत असे. त्या रात्रीं वेळापत्रक बिघडल्यामुळें ती गांठ अलीकडच्या बांकेबर्ग या लहान स्थानकावर घालावयाचें ठरलें. म्हणजे उत्तरेकडे निघालेल्या गाडीनें बांकेबर्गला थांबून राहावयाचें आणि समोरची गाडी तेथें येऊं द्यावयाची. गाडी आली, तिचा वेग इतका मंदावला कीं ती आतां उभीच राहणार असें वाटलें. आणि मग, कंदिलाचा इशारा झालेला असतांहि, ती पुन्हां वेग घेऊन अंधारांत निघून गेली. पुढें लागरलुंडा येथील जहागिरीच्या हद्दींत दोन्ही गाड्या समोरासमोर आदळल्या आणि नऊ माणसें मेलीं.

बांकेबर्गच्या स्थानकावरील माणसांवर खटला झाला. परंतु उप्साला विद्यापीठांतील शरीरशास्त्राचा प्राध्यापक फ्रित्यॉफ होल्मग्रेन याच्या मनांत वेगळाच प्रश्न उभा राहिला. गाडी मंदावली, म्हणजे इंजिनावरील माणसांनीं दिवा पाहिला खास. मग ती पुन्हां चालू कां झाली? त्या माणसाला दिवा दिसला आणि रंग दिसला नाहीं, असें तर नसेल? तशी तपासणी तोंवर कोणीं केलेलीच नव्हती. तेव्हां हा तर्क सिद्ध करण्यास मार्ग नव्हता, आणि खोडून काढण्यासहि नव्हता. होल्मग्रेननें मग जिवंत माणसांकडे मोर्चा वळविला. १८७६ त उप्साला–येव्ले लोहमार्गावरील २६६ नोकरांची परीक्षा त्यानें घेतली, त्यांत तेरा जण रंगांध निघाले. ते सर्व दररोज कामावर येत होते, आणि त्यांच्याविषयीं कोणालाहि शंका आलेली नव्हती. एवढ्यावर न थांबतां त्यानें रेल्वेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत रंगांधतेचें असें प्रात्यक्षिक घडवून आणलें कीं, त्यांचा विरोधच मावळला. त्याच वर्षीं स्वीडनच्या रेल्वेवर वर्णदृष्टीची तपासणी सक्तीची झाली.

इतिहासाच्या पुस्तकांतून ही कथा वर्षानुवर्षें अशीच सांगितली जाते. परंतु २०१२ सालीं मॉलन आणि काव्होनियस या अभ्यासकांनीं लागरलुंडाची कागदपत्रें पुन्हां चाळलीं. अपघातास अनेक कारणें होतीं आणि रंगांधता हें त्यांतलें एक होतें कीं नाहीं हें आतां निश्चयानें सांगतां येत नाहीं, असें त्यांचें मत पडलें. होल्मग्रेनचें तें गाजलेलें प्रात्यक्षिक कितपत शास्त्रशुद्ध होतें आणि त्यांत हातचलाखीचा अंश किती होता, असा प्रश्नहि त्यांनीं विचारला. होल्मग्रेनच्या बाजूनें इतकेंच म्हणतां येईल कीं, लागरलुंडाचा ड्रायव्हर रंगांध असो वा नसो, येव्ले मार्गावरचे ते तेरा जण खरे होते.

होल्मग्रेनची परीक्षा फार साधी होती, आणि तिचें मर्म गृहिणींना पुरुषांपेक्षां लवकर उमगेल. टेबलावर लोंकरीच्या नाना छटांच्या लडींचा ढीग टाकावयाचा. त्यांतून फिकट हिरवी लड उचलून बाजूस ठेवावयाची आणि उमेदवारास सांगावयाचें: या रंगाच्या, मग त्या अधिक फिक्या असोत कीं गडद, तेवढ्या सर्व लडी निवडून काढ. चोळीच्या खणाला जुळता दोरा शोधणारी स्त्री दुकानांत जें करते, तेंच हें. निर्दोष दृष्टीचा मनुष्य भराभर हिरव्या लडी काढतो. रंगांध मनुष्याचा हात मात्र राखाडी, बदामी, फिक्या तपकिरी लडींकडे जातो. कारण त्या फिकट हिरव्याच्या जागीं त्याला जवळजवळ राखाडीच दिसत असतें. मग दुसरा नमुना जांभळट गुलाबी. त्याच्याशीं ज्यानें निळ्या व जांभळ्या लडी जुळविल्या, त्याला तांबडें दिसत नाहीं असें समजावें. ज्यानें हिरव्या व राखाडी जुळविल्या, त्याला हिरवें दिसत नाहीं. तिसरा नमुना भडक तांबडा, तो खात्री करून घेण्यापुरता. उमेदवाराचा हात कोठें अडखळतो, कोणती लड उचलून पुन्हां खालीं ठेवतो, याकडेहि परीक्षकानें लक्ष द्यावें, असें होल्मग्रेनचें सांगणें होतें.

यांत सर्वांत महत्त्वाचा नियम असा कीं, रंगाचें नांव विचारावयाचें नाहीं. नांवें फसवीं असतात. रंगांध मनुष्य लहानपणापासून ऐकत आलेला असतो कीं गवत हिरवें, रक्त तांबडें. तो तीं नांवें बिनचूक म्हणतो आणि त्यामुळेंच वर्षानुवर्षें उघडकीस येत नाहीं. उलट, निर्दोष दृष्टीच्या अशिक्षित मजुराला छटांचीं नांवें ठाऊक नसतात. आपल्याकडे मोरपंखी कोणाला निळी वाटते, कोणाला हिरवी. म्हणून त्यांच्यापैकीं कोणाचे डोळे अधू ठरत नाहींत. लडी निवडण्यांत भाषेचा संबंधच येत नाहीं. या पद्धतीचें बीज पूर्वींचें होतें; जर्मनीच्या झेबेकनें १८३७ त रंगीत कागद निवडण्याची रीति वापरली होती आणि विल्सनहि लोंकरीचा उपयोग करीत असे. पण हजारों नोकर थोड्या वेळांत तपासतां येतील असें तिला आटोपशीर रूप दिलें तें होल्मग्रेननें.

रंगांध ड्रायव्हर इतकीं वर्षें कामावर कसे टिकले, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत येईल. याचें उत्तर असें कीं, ते रंग पाहत नसून उजेड पाहत. ज्याला तांबडें दिसत नाहीं, त्याला तांबडा दिवा पुष्कळच मंद भासतो. हिरवा त्या मानानें प्रखर. ओळखीच्या मार्गावर, ओळखीच्या जागीं, स्वच्छ हवेंत एवढी खूण पुरे होते. पण कांचेवर काजळी धरली, धुकें पडलें, किंवा दिवा अनोळखी जागीं आला, कीं मंद हिरवा आणि तांबडा यांत कांहीं फरक उरत नाहीं. हजार रात्रीं बरोबर ठरलेला अंदाज एका रात्रीं चुकतो.

होल्मग्रेनचा ग्रंथ १८७७ त निघाला आणि लगोलग फ्रेंच व इंग्रजी भाषांत उतरला. अमेरिकेंत बोस्टनच्या जॉय जेफ्रीस या नेत्रवैद्यानें या प्रश्नाचा ध्यास घेऊन १८७९ त स्वतंत्र पुस्तक लिहिलें. पेनसिल्व्हेनिया रेल्वेसाठीं विल्यम थॉमसन यानें एका काठीला क्रमांक दिलेल्या लडी टांगून असें साधन बनविलें कीं, डॉक्टर नसलेल्या मनुष्यालाहि परीक्षा घेतां यावी आणि क्रमांकांची यादी पुढें डॉक्टराकडे पाठवावी.

परीक्षा रूढ झाली, आणि तिच्याबरोबर एक नवेंच दुःख जन्मास आलें. वीस वर्षें इंजिन चालविलेल्या, एकहि अपघात न झालेल्या मनुष्याला एका सकाळीं लोंकरीच्या ढिगापुढें उभें करावें, आणि दहा मिनिटांत त्याची उपजीविका संपावी! त्याच्या दृष्टीनें काल दिसत होतें तेंच आज दिसत होतें. बदललें तें केवळ डॉक्टराच्या वहींतलें टिपण. आपण आगगाडी चालवितों, लोंकर विणीत नाहीं, हा अशा मनुष्याचा राग सर्वस्वी अडाणीपणाचा होता, असें म्हणतां येत नाहीं. कारण परीक्षा खरोखरच न्याय्य आहे कीं नाहीं, हा प्रश्न शास्त्रज्ञांतहि वादाचा होता.

१८८१ त लॉर्ड रॅले यानें शुद्ध तांबडा आणि शुद्ध हिरवा प्रकाश मिसळून पिवळ्याशीं जुळविण्याचा प्रयोग केला. बहुतेक लोक ठरावीक प्रमाणांत मिश्रण करीत. पण त्याच्या पत्नीचे तीन भाऊ भलत्याच प्रमाणांत करीत, आणि तरीहि ते रंगांध नव्हते. म्हणजे निर्दोष आणि रंगांध यांच्यामध्यें तिसराच एक वर्ग होता: तिन्ही रंगांची जाणीव असलेला, पण एकाची जाणीव विकृत असलेला. अशांपैकीं कित्येक लोंकरीच्या परीक्षेंतून सहीसलामत सुटत. हाच प्रयोग करणारें यंत्र पुढें १९०७ त जर्मनीच्या विलिबाल्ड नागेल यानें तयार केलें. आणि मौज अशी कीं, नागेल स्वतः रंगांध होता.

रॅलेच्याच अध्यक्षतेखालीं रॉयल सोसायटीनें नेमलेल्या समितीनें १८९२ त होल्मग्रेनच्या पद्धतीची शिफारस केली. तिला सर्वांत कडवा विरोध केला तो एडरिज-ग्रीन या डॉक्टरानें. त्याचें म्हणणें असें कीं, दिवसाच्या उजेडांत टेबलावर पडलेली लोंकर आणि धुरांतून, पावसांतून दिसणारा दूरचा दिवा यांत साम्य काय? लोंकरीची परीक्षा धोक्याच्या माणसांना उत्तीर्ण करते आणि निर्धोक माणसांना उपाशी मारते. त्यानें स्वतः कंदील बनविला. त्यांत रंगीत कांचा असत, आणि त्यांवर धूसर, खरखरीत व रेघांच्या कांचा सरकवून धुकें किंवा पाऊस यांचा आभास करतां येई. अंधाऱ्या खोलींत उमेदवारास दूर बसवून विचारावयाचें: आतां कोणता दिवा दिसतो? एडरिज-ग्रीनचे वर्णदृष्टीविषयींचे कित्येक सिद्धांत पुढें टिकले नाहींत, आणि त्याची वादविवादाची पद्धतहि मित्र जोडणारी नव्हती. पण कामाची परीक्षा कामासारखीच असावी, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. १९१२ त इंग्लंडांतील सरकारी समितीनें जहाजांवरील नोकरांसाठीं लोंकरीच्या जोडीला कंदिलाचीहि परीक्षा असावी, असा कौल दिला.

इकडे तिसरी एक वाट निघाली होती. जर्मनीच्या स्टिलिंगनें १८७७ च्या सुमारास ठिपक्यांच्या चित्रांतून आंकडे लपविण्याची कल्पना काढली; आणि जपानी लष्करांतील नेत्रवैद्य शिनोबु इशिहारा यानें १९१७ त तिला पूर्णत्वास नेलें. लहानमोठे रंगीत ठिपके असे पसरावयाचे कीं, आंकडा केवळ रंगाच्या भेदानेंच दिसावा. उजेडाचा अंदाज घेऊन तो ओळखतां येऊं नये. पहिल्या पानावरील १२ हा आंकडा मात्र सर्वांनाच दिसतो. परीक्षेची रीत उमेदवारास कळावी म्हणून तो घातलेला आहे. पुढील कांहीं पानांवर निर्दोष दृष्टीला एक आंकडा दिसतो आणि रंगांधाला दुसराच. कांहीं पानें तर अशीं आहेत कीं, त्यांवर निर्दोष मनुष्याला कांहींच सुचत नाहीं आणि रंगांध मनुष्य मात्र सहज आंकडा वाचतो! या पुस्तकानें लोंकरीच्या लडींना हळूहळू निवृत्त केलें. त्याचाहि एक दोष आहे. तें पाठ करतां येतें, म्हणून सावध परीक्षक पानांचा क्रम बदलून पुस्तक पुढें करतो.

ही उणीव येते कोठून, याचाहि उलगडा त्याच काळांत झाला. स्वीडनमध्यें सक्ती आली त्याच १८७६ सालीं झुरिचच्या हॉर्नर यानें अनेक पिढ्यांच्या नोंदी पाहून दाखविलें कीं, रंगांध आजोबाची उणीव निर्दोष दृष्टीच्या मुलीमार्फत नातवाकडे जाते. एक्स गुणसूत्राचा हा प्रताप आहे, हें पुढें १९११ त स्पष्ट झालें. पुरुषाजवळ तें एकच असल्यामुळें त्यांत दोष असला कीं प्रकट होतो. स्त्रीजवळ दोन असल्यामुळें एकानें दुसऱ्याची उणीव झांकली जाते. म्हणून युरोपांतील शंभर पुरुषांत सुमारें आठ जणांत कमीअधिक प्रमाणांत ही उणीव आढळते आणि स्त्रियांत क्वचितच. भारतांत तिचें प्रमाण युरोपाहून कमी आहे. यावर औषध नाहीं.

बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली, तेव्हां विल्सनचा ग्रंथहि निघाला नव्हता. आज भारतीय रेल्वेंत इंजिन चालविणाऱ्या किंवा सिग्नलशीं संबंध असलेल्या नोकरीसाठीं इशिहाराचें पुस्तक आणि एडरिज-ग्रीनचा कंदील या दोन्ही कसोट्या आहेत. ही तपासणी नोकरीच्या आरंभीं एकदां होऊन संपत नाहीं. ठरावीक वर्षांनीं ती पुन्हां होते, आणि वय वाढतें तसें हें अंतर कमी होतें. जो मूळ कामास अपात्र ठरतो, त्याला शक्य तर दुसरें काम देण्याचीहि पद्धत आहे. तरी ज्या घरांत बाप ड्रायव्हर असतो, त्या घरांत ‘मेडिकल’ची तारीख जवळ आली कीं थोडी शांतता पसरतेच.

पुन्हां पुन्हां तपासणी कशाला, असें विचारणाऱ्यास ९ फेब्रुवारी १९९६ रोजीं अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत सीकॉकस येथें झालेली टक्कर दाखवितां येईल. दोन उतारूगाड्या आदळून तीन माणसें मेलीं. चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय मंडळानें निष्कर्ष काढला तो असा: तांबडा सिग्नल ओलांडणाऱ्या ड्रायव्हरला मधुमेहामुळें नेत्रविकार जडला होता, त्यामुळें त्याची वर्णदृष्टि क्षीण झाली होती, आणि वार्षिक तपासणीच्या वेळीं आपला विकार त्यानें सांगितला नव्हता. सांगितला असता, तर इंजिनावरून उतरावें लागलें असतें.

होल्मग्रेननें रंगाचें नांव विचारण्याची मनाई केली होती; एडरिज-ग्रीनचा कंदील तर नांवच विचारतो. इंजिनावर तरी दुसरें काय घडतें? सिग्नल दृष्टीस पडतांच ड्रायव्हर आणि त्याचा सहायक यांनीं तो एकमेकांस मोठ्यानें सांगावयाचा असतो. रात्रीं गाडी घाट उतरत असते, समोर काळोखांत ठिपका उमटतो. एक जण रंगाचें नांव घेतो, दुसरा तेंच नांव उच्चारतो, आणि मागल्या डब्यांत कोणाचीहि झोंप मोडत नाहीं.